पाव मापाचं टायगर मॉथ: बांधणी आणि जुळणी

डी हॅविलंड टायगर मॉथ 1931 साली पहिल्यांदा उडालं. पुढे भारतातले कितीतरी वैमानिक याच विमानावर उडायला शिकले. मूळ विमानाचा पंखविस्तार 8.94 मीटर, पाव मापात तो सव्वादोन मीटरच्या घरात येतो. एवढं मोठं रिमोट कंट्रोल बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान, हाती घेताना एक गोष्ट मनाशी पक्की करा: सांगाड्याला जेवढा वेळ द्याल, तेवढाच दोन्ही पंखांचे कोन जुळवायला द्यावा लागतो.

पंख बांधायला सरळ, पीळ नसलेलं फ्लश डोअर घ्या. त्यावर नकाशा, नकाशावर पातळ प्लास्टिक, मग रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, टाचण्यांनी पक्क्या करा. रिब्जना बाल्सा हे हलकं लाकूड चालतं, मुख्य स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याला) स्प्रूससारखं चिवट लाकूडच हवं. सांगलीच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, म्हणून कापड चढवायचं काम दिवाळीनंतर काढा.

शेपटी हलकी ठेवा, अगदी हट्टाने. बायप्लेनचं नाक आखूड असतं, त्यामुळे शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमसाठी पुढे दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. बॅटऱ्या इंजिनाच्या भिंतीलगत बसवा.

आता जुळणी. आडवी शेपटी शून्य अंशावर आणून धड पक्कं करा. डिजिटल अँगल गेजने आधी खालचा पंख, मग वरचा, नकाशातल्या कोनावर आणा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाचा फरक राहिला तरी विमान हवेत एका बाजूला कलत राहतं. दोन्ही पंखटोकांपासून शेपटीपर्यंत दोरी लावून अंतरं ताडून पाहा. पंखांना ताणून धरणाऱ्या तारा सगळ्यात शेवटी. मिरजेचे कारागीर तंबोरा लावताना तार छेडून ऐकतात, तसंच इथे करा: डावी-उजवी जोडी सारख्याच लांबी-जाडीची असेल, तर सारखा आवाज म्हणजे सारखा ताण. फार आवळलंत तर पंखाला पीळ पडतो, म्हणून तारांनंतर सगळे कोन पुन्हा मोजा.

तोल नकाशातल्या खुणेवर, टाकी रिकामी ठेवून बघा. पहिल्या उड्डाणाला नाक किंचित जड असलेलं बरं.

एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या मागच्या कडेच्या झडपा, फक्त खालच्या पंखांना असतात. ते वर जास्त, खाली कमी हलतील असं ठेवा. खाली गेलेला एलेरॉन हवेत अडतो आणि नाक उलट बाजूला ओढतो. तरीही वळताना रडर (शेपटीचं उभं सुकाणू) द्यावाच लागतो. सिग्नल तुटला तर थ्रॉटल आपोआप बंद होईल असा फेलसेफ लावून जमिनीवरच तपासा.

जागा निवडताना डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई हद्दीचा नकाशा आधी पाहा. उभ्या उसाजवळ उडवू नका. फडात पडलेलं विमान शोधणं फार अवघड. तोडणी झालेलं, विजेच्या तारांपासून लांब असलेलं रान आणि सकाळची शांत हवा गाठा.

उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नका. दोन पंख आणि तारांचा हवेतला अडथळा मोठा, वेग झटकन मरतो. चाकं टेकेपर्यंत थोडी ताकद राहू द्या. खाली आल्यावर लगेच बोल्ट आणि तारा तपासा. पहिल्या उड्डाणात सगळे जोड बसतात, त्यामुळे दुसऱ्याच्या आधी कोन परत मोजावेच लागतात.