ॲपोमॅटॉक्सला जाताय? नुसतं गावाचं नाव टाकू नका
व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला अमेरिकन यादवी युद्ध जिथे मिटत आलं ती जागा बघायची असेल, तर नकाशात 'ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नॅशनल हिस्टॉरिकल पार्क' असं पूर्ण टाका. नाहीतर रेल्वेलगतच्या आजच्या गावात पोचाल. १८९२ मध्ये जुन्या गावातलं कोर्ट जळालं आणि काउंटीचा कारभार तिकडे हलला. जुनं गाव तिथून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे.

पुन्हा उभारलेल्या कोर्टात माहिती केंद्र आहे. पण वेळ द्या मॅकलीन यांच्या घराला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचे जनरल ली उत्तरेच्या जनरल ग्रँटना शरण आले ते तिथल्या दिवाणखान्यात. (हे घरही १८९३ मध्ये उतरवलेलं, १९४० च्या दशकात पुन्हा बांधलेलं.) दोघांची मूळ टेबलं मात्र इथे शोधू नका: ग्रँटचं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे, लींचं शिकागोत आहे.