‘एचआयव्ही बरा झाला’ ही बातमी कशी वाचावी

एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात समुपदेशनाच्या टेबलावर माझ्यासमोर आजवर बरीच कात्रणे आली आहेत, पण त्यांतले एक माझ्या मनातून जात नाही. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. तिच्याभोवती वर्तमानपत्राचा एक तुकडा रबरबँड लावून गुंडाळलेला होता. “मॅडम, लंडनचा माणूस बरा झाला म्हणे. आता तरी बंद करता येतील ना?” त्यांनी विचारले. मी बाटली हातात घेतली, तेव्हा महिना संपत आला असूनही ती अर्ध्याहून अधिक भरलेली होती. बातमी खरी होती. तिच्यावरून त्यांनी काढलेला अर्थ मात्र त्यांच्या जिवावर बेतणारा होता. अशी बातमी हाती आली की तिला कोणते प्रश्न विचारावेत, हे म्हणूनच सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा, की या रुग्णाला एचआयव्हीखेरीज दुसरा कोणता आजार होता. जवळजवळ प्रत्येक गाजलेल्या बातमीत याचे उत्तर रक्ताचा कर्करोग हेच निघते. एचआयव्हीतून बरे झालेले पहिले रुग्ण टिमोथी रे ब्राऊन यांना २००६ मध्ये ल्युकेमिया झाला आणि बर्लिनमध्ये डॉ. गेरो ह्युटर यांनी २००७ साली त्यांच्यावर स्टेम सेल, म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींचे, प्रत्यारोपण केले. आजार उलटल्यामुळे पुढच्या वर्षी तेच दिव्य त्यांना पुन्हा करावे लागले. ह्युटर यांनी दाता निवडताना एक विशेष गोष्ट पाहिली होती. एचआयव्हीला पांढऱ्या पेशीत शिरण्यासाठी आधी सीडी-फोर नावाचा आणि मग बहुधा सीसीआर-फाइव्ह नावाचा ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे कडीसारखे प्रथिन, लागतो. काही माणसांच्या सीसीआर-फाइव्ह जनुकातली ३२ अक्षरे जन्मतःच गळालेली असतात, आणि आई व वडील अशा दोघांकडूनही तोच जनुक मिळाला, तर त्या माणसाच्या पेशींवर हा दुसरा ग्राही उमटतच नाही. विषाणू दारापर्यंत येतो, पण आत शिरू शकत नाही. ‘डेल्टा ३२’ म्हणतात ते हेच, आणि एचआयव्हीच्या नैसर्गिक प्रतिकाराचे आजवर सर्वांत नीट समजलेले उदाहरणही हेच आहे. अशा दात्याच्या पेशींनी ब्राऊन यांच्या शरीरात नवे रक्त घडवले आणि गोळ्या बंद असतानाही विषाणू परतला नाही. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले ते उलटलेल्या ल्युकेमियाने. एचआयव्ही तेव्हाही त्यांच्या रक्तात नव्हता.

लंडनचे अॅडम कॅस्टिलेहो यांची कथा याच वळणाची आहे. त्यांना लिम्फोमा हा रक्ताचाच एक कर्करोग होता, २०१६ मध्ये प्रत्यारोपण झाले आणि रवींद्र गुप्ता यांच्या गटाने २०१९ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानंतर ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया येथूनही अशा बातम्या आल्या. जिनिव्हाच्या रुग्णाच्या दात्यात तर डेल्टा ३२ नव्हताच, त्यामुळे दात्याच्या पेशींनी जुन्या संसर्गग्रस्त पेशी संपवणे हाही उपायाचा मोठा भाग असावा, असे संशोधकांना वाटू लागले. तरीही २०२४ च्या मध्यापर्यंत अशा व्यक्तींची संख्या सातच्या आसपास होती, आणि जगात एचआयव्हीसह जगणारे लोक आहेत सुमारे ४ कोटी. प्रत्यारोपणाआधी स्वतःची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त घडवणारा गर, औषधांनी नष्ट करावी लागते आणि त्यात दगावण्याचा धोका खरा असतो. कर्करोगाने दुसरा मार्गच ठेवलेला नसेल तरच डॉक्टर हा धोका पत्करतात. शिवाय दोन्ही बाजूंनी डेल्टा ३२ असलेली माणसे उत्तर युरोपात शंभरात एखादी सापडतात. भारतीयांमध्ये हा बदल अतिशय दुर्मीळ आहे.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे: विषाणू सापडला नाही, तो गोळ्या चालू असताना की बंद केल्यानंतर, आणि बंद केल्यानंतर किती काळ? आपल्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या, अहवालावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असे छापून येते, तेव्हा घरातल्यांना वाटते की रोग गेला. ती ओळ अभिमानाने जपून ठेवावी अशीच आहे, पण तिचा अर्थ एवढाच की रक्तात फिरणारा विषाणू यंत्राला दिसण्याइतका उरलेला नाही. विषाणूने आपली जनुकीय प्रत काही पांढऱ्या पेशींच्या गुणसूत्रांतच शिवून टाकलेली असते. त्या पेशी वर्षानुवर्षे निपचित राहतात आणि निपचित पेशीवर गोळ्यांचे काही चालत नाही. हा साठा इतक्या संथपणे घटतो की केवळ गोळ्यांनी तो संपायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागेल, असे गणित संशोधकांनी मांडले आहे. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये जन्मानंतर तीस तासांच्या आत उपचार सुरू झालेले एक बाळ २०१३ मध्ये बरे झाल्याचे जाहीर झाले होते. उपचाराविना सुमारे २७ महिने गेल्यावर २०१४ मध्ये विषाणू परत आला. त्यामुळे बातमीत ‘गोळ्यांविना सहा महिने’ असे लिहिलेले असेल, तर आशा जरूर धरावी, पण ‘बरा झाला’ हा शब्द मनातून वगळूनच पुढे वाचावे.

नैसर्गिक प्रतिकाराची बातमी असेल तर ती दोनपैकी कोणत्या माणसांविषयी आहे, हे आधी वेगळे करावे. काहींना संसर्ग होतच नाही. काहींना संसर्ग होतो, पण त्यांचे शरीर औषधांविना विषाणूला दाबून ठेवते. त्यांना ‘एलिट कंट्रोलर’ म्हणतात आणि संसर्ग झालेल्यांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. लोरीन विलनबर्ग या अमेरिकी महिलेच्या आणि अर्जेंटिनातल्या एस्पेरान्सा गावच्या एका महिलेच्या कोट्यवधी पेशी तपासूनही संशोधकांना अखंड, म्हणजे पुन्हा वाढू शकेल असा, विषाणू सापडला नाही. प्रत्यारोपणाविना शरीर इतके करू शकते, याचा हा पुरावा आहे आणि संशोधनाची सर्वांत मोठी आशा मला यातच दिसते. पहिल्या प्रकारातला नैरोबीचा अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथल्या काही देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षे संसर्गापासून मुक्त राहिल्या होत्या, पण त्यांतल्या काहींनी काम थांबवून पुन्हा सुरू केले तेव्हा त्यांना संसर्ग झाला. म्हणजे तो प्रतिकारही कायमचा नव्हता.

‘जोडीदार पॉझिटिव्ह आहे, मला काही झाले नाही, म्हणजे माझ्यातच प्रतिकार असणार,’ असे अनेक जण सांगतात. कृपा करून असा निष्कर्ष काढू नये. एका संबंधातून संसर्ग होण्याची शक्यता मुळात कमी असते, आणि जोडीदार नियमित गोळ्या घेत असेल तर तुमचे संरक्षण त्या गोळ्यांनीच केलेले असते. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईचे केंद्र ज्यात सहभागी होते, त्या नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले. आपल्या माणसांनी या अभ्यासासाठी दिलेला वेळ जगभरातल्या जोडप्यांच्या कामी आला आहे.

जनुक कापण्याच्या तंत्राविषयी बातमी असेल, तर प्रयोग परीक्षानळीत झाला, प्राण्यावर झाला की माणसावर, एवढे पाहिले तरी पुरे. आणि बातमीच्या शेवटी चूर्ण, काढा किंवा फोन नंबर असेल तर ती बातमी नसून जाहिरात आहे. एड्स बरा करण्याचा दावा औषधावर करण्यास आपल्या औषध नियमांत मनाई आहे, तेव्हा असा दावा करणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडत असतो.

कात्रण फाडून टाकू नये. त्या दिवशीची गोळी घेऊन ते केंद्रात आणावे किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे. ज्यांनी बातमी वाचून गोळ्या थांबवल्याच असतील, त्यांनी पुढच्या तारखेची वाट न पाहता उरलेल्या गोळ्यांसह यावे आणि किती दिवस चुकले ते खरे सांगावे, कारण कोणत्या तपासण्या कराव्यात हे त्या आकड्यावर ठरते. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी तर एक दिवसही दवडू नये. त्याच गोळ्या यकृतालाही सांभाळत असतात आणि त्या एकाएकी थांबल्यास तो आजार उसळू शकतो. त्या गृहस्थांच्या बाटलीतल्या गोळ्या आम्ही दोघांनी मिळून टेबलावर मोजल्या, त्या अठरा भरल्या. त्यांनी तो आकडा स्वतःच्या हाताने कात्रणाच्या कोपऱ्यात लिहिला आणि आम्ही दोघे डॉक्टरांच्या खोलीत गेलो.