आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, आता मृगाच्या आधी छाटणीसाठी करवत कोणती घ्यायची?

आखाजीचे झोके उतरले की घराजवळच्या झाडांकडे एकदा मान वर करून बघून घ्या भाऊ, कारण मृग लांब नाही आणि पहिल्या वादळातच वाळकी, चिरलेली फांदी पत्र्यावर नाहीतर गोठ्यावर येते. कडुनिंबाच्या ज्या फांदीला झोका होता ती आधी बघा, दोरानं साल घासली जाऊन पुढचा भाग वाळला असेल तर पहिली तीच काढायची.

आता काढायची कशानं? बहुतेक घरात कुऱ्हाड निघते नाहीतर सुताराची करवत, आणि मनापासून सांगतो, दोन्ही नको. कुऱ्हाडीनं खुंट फाटतो, तिथं पावसाचं पाणी मुरतं आणि सड सुरू होते. सुताराची करवत कोरड्या लाकडासाठी असते, बारीक दात्यांत ओला भुसा भरतो, ती मधेच अडकते, आणि ढकलताना जोर केला की पातं वाकतं. छाटणीच्या करवतीचे दाते मोठे आणि मुठीकडे झुकलेले असतात, ती ओढताना कापते, म्हणून पातं पातळ असलं तरी वाकत नाही आणि वरची फांदी कापताना हात कमी दुखतो. दुकानात पहिले हेच बघा, दाते मुठीकडे वळलेत का.

मग माप. बोटाएवढ्या फांदीला करवत लागतच नाही, सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरतं. त्याच्या वर मनगटाएवढ्या जाडीपर्यंत ७-८ इंच पात्याची घडीची करवत घ्या, लिंबू आणि डाळिंबासाठी तर हीच, कारण काट्यांत आणि जवळजवळ असलेल्या खोडांत तिचं अरुंद टोक बरोबर शिरतं. घडीची घेताना लॉक उघडून, दाबून, हलवून बघाच, ढिलं लॉक म्हणजे बोटावर पातं. निंब, आंबा, जुनी बोर अशा जाड फांद्यांना १२-१३ इंचाची वाकड्या पात्याची, न दुमडणारी करवत. साधा हिशोब, पातं फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब पाहिजे. दाते इंचाला ६ ते ८ असले की ओलं लाकूड झपाझप कापतं, बारीक फांदीला थोडे जास्त चालतात. दात्यांची टोकं निळसर काळी असतील तर ती कडक केलेली असतात, धार खूप टिकते पण कानस लागत नाही, बोथट झाली की पातंच बदलायचं, म्हणून सुटं पातं मिळतं का ते दुकानदाराला आधीच विचारा.

चांगली करवत आणली आणि वरून सरळ कापत सुटलं तर फांदी वजनानं मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलते, शेवग्याला तर हमखास, लाकूड मऊ आहे त्याचं. आधी खोडापासून वीतभर पुढे खालून थोडा काप घ्या, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवा, राहिलेला खुंट शेवटी काढा. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडं असतं ते सोडून कापा, त्यातूनच साल परत चढते.

बोर आणि सीताफळ या दिवसांत पानं टाकून बसलेले असतात, त्यांची छाटणी आता बिनधास्त करा. आंबा, निंबाचं मात्र फक्त वाळकं, मोडकं काढा, या उन्हात सावली उघडी केली तर साल भाजते. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी नको.

डाळिंबाला तेल्या किंवा लिंबूच्या झाडाला कँकर (दोन्ही जिवाणूंचे डागांचे रोग) असेल तर प्रत्येक झाडानंतर पातं १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाच्या, पाण्यात बुडवा, नाहीतर करवतच रोग बागभर फिरवते. या पाण्यानं लोखंड गंजतं, म्हणून संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवून, पुसून तेलाचा हात मारा. चीक, डिंक चिकटला असेल तर रॉकेलच्या फडक्यानं निघतो.

उंच फांदीसाठी शिडीवर उभं राहून करवत ओढू नका, बांबूला जोडायची करवत मिळते ती घ्या, जमिनीवरूनच काम होतं. विजेची तार फांदीजवळून जात असेल तर हात लावू नका, आधी लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या.