धरणाखाली वावर असेल तर

एका मध्यम धरणाच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या वीजघरात मी २६ वर्षं शिफ्ट ड्युटी केली. हुद्दा ऑपरेटरचा, कामं सगळीच. धरणाचं नाव लिहीत नाही, ती नोकरीतली सवय समजा. विदर्भात तोतलाडोहसारखं १६० मेगावॉटचं वीजघर आहे, तसंच वानचं दीड मेगावॉटचं आणि शहानूरचं पाऊण मेगावॉटचंही आहे. आमचं या धाकट्यांच्या पंगतीतलं. पाहुणे आले की विचारायचे, "एवढंच?" एवढंच. पण धरणाचं पाणी खाली उतरलं की काय करतं, हे मला वीजघरात नाही, माझ्या तीन एकरांच्या वावरात, म्हणजे शेतात कळलं.

पोळा दोन दिवसांवर आला होता. आमच्याकडे पावसानं पंधरा दिवस दडी मारली होती, म्हणून भावानं नदीत मोटर उतरवून कपाशीला पाणी सुरू केलं होतं. वर पहाडात मात्र कोसळत होतं. रात्री पावणेतीनला दरवाजे उचलायचा निरोप आला. मी भोंगा वाजवला, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, खालच्या तीन गावांच्या पोलीस पाटलांना फोन लावले. सकाळी ड्युटी संपवून घरी आलो तर भाऊ ओसरीवर डोक्याला हात लावून बसलेला. पाच एचपीची मोटर, पाइप, स्टार्टरची पेटी, सगळं गेलं. घरी फोन करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायको अजून ऐकवते, "अख्ख्या गावाले उठोलं, अन् घरच्याईले झोपू देलं."

तेव्हा पहिलं काम हे करा की आपल्या नदीत पाणी किती वाटांनी येतं ते माहीत करून घ्या. दरवाज्याचं पाणी निरोप देऊन येतं, निदान यायला पाहिजे. बिनदरवाज्याच्या सांडव्याचं पाणी कोणी सोडत नाही. तलाव भरला की ते आपोआप पडतं, रात्री दोनलाही. आपल्याकडच्या कितीतरी लघु तलावांना असाच सांडवा आहे. तिथे भोंग्याची वाट पाहू नका, तलाव किती भरला त्याची रोज चौकशी ठेवा. आणि तिसरं मशीनचं, म्हणजे वीज करून वीजघरातून बाहेर पडणारं पाणी. लोकांना ते पाणी वाटतच नाही.

हिशेब सोपा आहे. ४० मीटर उंचीवरून सेकंदाला १ घनमीटर पाणी मशीनमधून गेलं की साधारण ३३० किलोवॉट वीज होते. म्हणजे दीड मेगावॉटसाठी सेकंदाला साडेचार हजार लिटर पाणी बाहेर पडणार. हिवाळ्यात, आभाळात ढग नसताना, घोट्याएवढ्या नदीत हे पाणी उतरलं की मांडीला लागतं. यात एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. लाइनवर बिघाड झाला की मशीन ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. घरघर थांबते, वीजघराखालचं पाणी झरझर उतरतं आणि डबक्यांत मासे तडफडायला लागतात. पोट्टे लगेच पात्रात. इकडे आम्ही लाइन आल्याबरोबर, कधी वीस मिनिटांत, कधी तासाभरात, मशीन परत सुरू करतो. मी सुरू करण्याआधी बाहेर येऊन शिट्टी मारायचो, पण वळणापलीकडचं मला दिसत नव्हतं. म्हणून पोरांना एकच सांगा: पाणी अचानक उतरलं तर काठावर या. चढताना धोका असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, उतरताना कोणाला वाटत नाही. हिमाचलात ८ जून २०१४ ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले.

आता निरोप वाचायचा कसा. कधी क्युसेक, म्हणजे घनफूट प्रतिसेकंद, लिहिलेलं असतं, कधी घनमीटर प्रतिसेकंद. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. नुसता ५० आकडा पाहून निर्धास्त राहिलात आणि ते घनमीटर निघाले, तर झाले पावणेदोन हजार क्युसेकच्या वर. मी टँकरची भाषा वापरतो. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर १ घनमीटरचा विसर्ग म्हणजे दहा सेकंदांत एक टँकर. ५० चा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला पाच टँकर तुमच्या धुऱ्याखालून, म्हणजे शेताच्या बांधाखालून जाणार.

पण आकड्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे वेळ, आणि ती तुमच्या वावरापुरती कोणी काढून देत नाही. मोटर गेल्यावर मी केलं ते करा. जवळच्या पुलाच्या खांबावर, पूल नसेल तर न हलणाऱ्या खडकावर, लाल ऑइल पेंटनं फुटाफुटावर रेघा मारा. घरात एक वही ठेवा. दरवाजे किती वाजता उघडले, विसर्ग किती, पाणी पहिल्या रेघेला किती वाजता लागलं, कोणत्या रेघेपर्यंत चढलं, एवढंच लिहायचं. माझं वावर नदीच्या वळणांनी सात किलोमीटर खाली आहे. कोरड्या पात्रातून हंगामाचं पहिलं पाणी यायला अडीच तास लागतात, कारण रेती आधी आपली तहान भागवते. पण नदी आधीच वाहती असेल तर वरून आलेला लोंढा सव्वा तासातच येऊन धडकतो. "मागच्या वेळी तर दुपारी आलं होतं" असं म्हणणारा माणूस इथेच फसतो. तीन पावसाळे लिहा. पोळ्याला बैल धुवायला नदीवर न्यायचे की घरीच, हे मग वही पाहून ठरवता येतं.

धरणाच्या भिंतीकडे पाहायचं ते मे महिन्यात. सगळं रान वाळलेलं असताना मातीच्या भिंतीच्या खालच्या अंगाला एखादा पट्टा हिरवागार दिसला, तर तिथे पाणी पाझरतंय. पाझर म्हटलं की लगेच घाबरू नका. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, आणि ते मोजायला पायथ्याशी व्ही आकाराची खाच असलेली पाटी बसवलेली असते. प्रश्न पाण्याच्या रंगाचा आहे. नितळ पाझर वर्षानुवर्षं चालतो, गढूळ पाझर भिंतीच्या पोटातली माती घेऊन येतो. पारदर्शक बाटलीत पाणी भरा, अर्धा तास हलवू नका. तळाशी गाळ बसला तर त्याच दिवशी कळवा. पाऊस नसताना पाझर वाढला, पायथ्याशी बुडबुड करत रेती वर येऊ लागली, भिंतीवर लांबच लांब भेग पडली किंवा भराव खचला, तरी तेच. घुशीची आणि सायाळीची बिळंही त्यातच धरा. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा भिंत पोखरल्याचं खापर खेकड्यांवर फोडलं गेलं आणि राज्यभर विनोद झाले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, ते विनोदात हरवलं.

कळवायचं ते तोंडी नको. जागेचा फोटो काढा, मापासाठी शेजारी कुदळ ठेवा. अर्ज शाखा अभियंत्याच्या नावानं, एक प्रत तहसीलदाराला, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला होतो, शिक्क्याचा कागद आणि बिनशिक्क्याचा कागद यांचं नशीब वेगळं असतं. पाणी गढूळ आणि वाढतं असेल तर अर्ज राहू द्या, आधी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर फोन करा. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे, आपत्कालीन कृती आराखडाही. तो आराखडा ग्रामसभेत मागा आणि आपलं गाव त्यातल्या नकाशात कुठे येतं ते बोट ठेवून विचारा.

झाडांचं लोक उलटं करतात. वृक्षारोपणाच्या हौसेनं धरणाच्या भरावावर रोपं लावायची नाहीत. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला वाट होते. नदीकाठी मात्र करंज, उंबर, जांभूळ जरूर लावा, उताराला वाळा लावा. धरणात गाळ ठेवून आलेलं नितळ पाणी भुकेलेलं असतं, ते काठची काळी माती खात सुटतं. त्यात कोणी पात्रातली रेती उपसत असेल, तर तुमचा धुरा दरवर्षी हातभर नदीत जाणार.

मोटर आता आम्ही लोखंडी चाकांच्या गाड्यावर ठेवतो. दोर बांधला आहे वरच्या अंगाच्या करंजाला, सगळ्यात उंच रेघेच्याही चार फूट वर. बैलजोडी लावली की दहा मिनिटांत गाडा वर येतो. स्टार्टरची पेटी खांबावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. गाडा ओढायच्या आधी वरून फ्यूज काढायचा, ओल्या हातानं पेटीला शिवायचं नाही. मृगाच्या आधी दोर बदलतो, रेघांना नवा रंग देतो. मागच्या वर्षी नातवानं रंगवल्या आणि कौतुकानं एक रेघ जास्तीची मारली. ती खरवडून काढायला मला पूर्ण सकाळ लागली.