जुनी लॉरी खोलताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुन्हा तोच फोन. "काका, आजोबांची लॉरी खोलायला घेतली होती. दोन दिवसांत सगळी सुटी झाली. जोडायला कधी येता?" दोन दिवसांत सुटी झाली हे ऐकूनच पोटात गोळा आला. पत्रा गंजला तर नवा ठोकता येतो. पण तो कुठं, कसा, किती कलता बसला होता हे एकदा गेलं की कुठल्याच भंगार बाजारात मिळत नाही.

आधी गाडी ओळखा. शिवडीत जोडलेली शेवरले असो की कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची डॉज किंवा फार्गो, १९५० च्या आसपासच्या बऱ्याच लॉऱ्या गिऱ्हाइकाला अर्ध्याच मिळत. चासी, इंजिन, बोनेट, मडगार्ड आणि काऊल, म्हणजे बोनेटमागचा काचेखालचा पत्रा, एवढं कंपनीचं. केबिन आणि हौदा इथला बॉडीवाला बांधायचा, लाकडी चौकट करून वर पत्रा मारून. त्यामुळं प्रत्येक केबिन वेगळी. शेजारच्या गाडीचं माप तुमच्या गाडीला लागत नाही आणि कंपनीच्या पुस्तकात तर ते नसतंच.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठी चूक एकच: सडकं लाकूड फेकून देणं. कराडजवळच्या एका गावात एक फार्गो होती. डाव्या दाराचा खांब खालून वीतभर कुजलेला, हात लावला की भुसा पडायचा. पोरानं पत्रा सोलून काढला, लाकडं अंगणात ढीग करून ठेवली आणि मला बोलवायला आठ दिवस लावले. तेवढ्यात घरच्यांनी ती रोज सकाळी थोडी थोडी बंबात घातली. मी पोचलो तेव्हा उजवा खांबही जळून गेला होता. उरली होती काचेखालची एक आडवी पट्टी, तिच्यावर हिरव्या रंगाचे तीन थर आणि चार भोकं.

त्या चार भोकांवरून आम्ही केबिनची रुंदी काढली. काचेचा कल मात्र कशावरून काढायचा? शेवटी घरातल्या भिंतीवर आजोबांचा लॉरीशेजारी उभं राहून काढलेला फोटो सापडला, सुदैवानं बाजूनं घेतलेला. चाकाचा व्यास धरून त्यावरून कल मोजला. तरी सुतारानं चौकट तीनदा उघडली. दार वर बसायचं तर खाली अंगठाभर फट राहायची. त्या पोराचे पैसे गेले याचं वाईट वाटतंच, पण त्या जुन्या सुताराच्या हाताची खूण बंबात गेली, ते मला अजून सलतं.

कुजलेला तुकडा हाच तुमचा नकाशा आहे. तो प्लायवूडवर ठेवा, भोवतीनं पेन्सिल फिरवा, भोकं मारून घ्या, खडूनं 'डावा खालचा' असं लिहा आणि सुतळीनं बांधून माळ्यावर टाका. नवी केबिन रंगून रस्त्यावर येईपर्यंत तो हलवायचा नाही. निम्मा झडलेला असेल तर उरलेला निम्माही तितकाच मोलाचा.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे चौकटीला आधार न देता पत्रा सोलणं. जुन्या केबिनमध्ये लाकूड पत्र्याला धरून असतं आणि पत्रा लाकडाला. एक काढलं की दुसरं कलतं. दार काढल्याबरोबर दाराच्या भोकात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी ठोका, मगच पुढं जा. त्याआधी दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहा. मी वहीत लिहीत नाही, वही हरवते.

बिजागरी सोडण्याआधी तिच्याभोवती खिळ्यानं रेघ ओढा. बिजागरीमागं आणि केबिनच्या पायाखाली पत्र्याच्या, रबराच्या, कधी नुसत्या चामड्याच्या पॅकिंगा सापडतील. त्या कचरा नव्हेत. त्या कुणीतरी दार बसेपर्यंत एकेक करून सरकवलेल्या असतात. माझ्याकडं प्रत्येक पॅकिंग ज्या बोल्टाखालून निघालं त्याच बोल्टात ओवलं जातं आणि बोल्ट दोन आटे फिरवून त्याच भोकात परत जातो. मोबाइलवर फोटो काढले म्हणून निर्धास्त राहू नका. फोटोत पॅकिंगची जाडी दिसत नाही.

आता पाने. डॉज, फार्गो, शेवरले, सगळ्या इंचाच्या गाड्या. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३ चा पाना लावला की तो बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कोपरे खातो. ९/१६ ला १४ जात नाही आणि १५ गरागरा फिरतो. इंचाचा रिंग पान्यांचा सेट विकत घ्या. ज्याला तेवढा खर्च जड वाटतो त्यानं जुन्या लॉरीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गंजलेला बोल्ट दिसला की पोरं लगेच गॅस कटर मागतात. एका ठिकाणी दुपारी मडगार्डचा बोल्ट गॅसनं कापला, संध्याकाळी काऊलमागच्या लाकडातून धूर यायला लागला. पत्र्याआडचा कोरडा भुसा तासन्‌तास आतल्या आत धुमसत होता, पाण्याच्या बादल्या ओतल्या म्हणून केबिन वाचली. त्या दिवसापासून लाकडी केबिनला माझ्याकडं गॅस बंद. आटे तारेच्या ब्रशनं घासा, तीन रात्री डिझेल आणि ऑइल पाजा, चौथ्या दिवशी आधी अंमळ आवळा आणि मग सोडा. लाकडातला गोल डोक्याचा बोल्ट जागच्या जागी फिरत असेल तर डोक्याला हॅकसॉनं खाच पाडून पेचकसानं धरा. तेही जमलं नाही तर नट कापा, लाकूड फोडू नका.

बोनेट एकट्यानं उचलू नका, मागचा कोपरा काऊलवर घासतोच. डॉज आणि फार्गोच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे, म्हणजे उजवीकडं फिरवून सुटणारे असतात, पाइप लावून झोंबण्याआधी नटाकडं नीट बघा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासायचा असेल तर चांगला मास्क हवा आणि लहान मुलं लांब हवीत. शोवरचं, म्हणजे पुढच्या जाळीवरचं, कंपनीचं नाव समोरून पेचकस घालून उचकटू नका, मागून ते धरून ठेवणाऱ्या टिकल्या काढा.

आणि ग्राइंडर चासीवर टेकवण्याआधी नंबर शोधा. सापडला की त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तसा छाप घ्या, दोन प्रती करा. मग त्या जागेवर ग्रीस लावून चिकटपट्टी मारा. काऊलवरची कंपनीची पितळी किंवा पत्र्याची पाटी काढून घरात, कपाटात ठेवा. वर्कशॉपच्या डब्यात नको, तिथून ती भंगारात जाते.