रुंद कॅटामरान पाण्याबाहेर काढताय? या चुका टाळा

बेळगावात समुद्र नाही, पण फॅब्रिकेशन आहे. म्हणून कारवार किंवा गोव्याकडच्या एखाद्या यार्डाला बोट पाण्यातून रुळांवरून वर ओढायची ट्रॉली, म्हणजे क्रेडल, करून हवी असली की चौकशी उद्यमबाग-मच्छेपर्यंत येऊ शकते. साधी मासेमारीची बोट असेल तर आपल्याकडचा कुठलाही चांगला वेल्डर ते काम निभावून नेईल. दोन हलांची, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या दोन धडांची, कॅटामरान आली की मात्र तोच वेल्डर नेहमीच्या हिशेबाने चालतो आणि फसतो. बारा मीटर लांबीच्या कॅटामरानची रुंदी साडेसहा-सात मीटर भरते, आणि तिचं वजन मधे नसतं, दोन कडांना असतं. मधला पूल, ज्यावर केबिन बसलेली असते, तो वाकू किंवा पिळू द्यायचा नाही. बाकी सगळी काळजी त्यासाठीच.

माप फोनवर घेणं

मालक सांगतो, "बावीस फूट रुंद आहे," आणि आपण चॅनेल कापायला घेतो. बावीस फूट हे बाहेरून बाहेरचं माप झालं. क्रेडलला लागतं ते दोन कीलांच्या (कील म्हणजे हलाच्या तळाचा खाली निघालेला कणा) मध्यरेषांमधलं अंतर, कीलची लांबी, आणि रडर (सुकाणू) व इंजिनाचा पंखा कीलच्या किती वर किंवा खाली आहेत ते. आतले आडवे पडदे, म्हणजे बल्कहेड, कुठे येतात तेही विचारा. फायबरच्या तळाला टेका द्यायचा तो त्या पडद्यांखाली. दोन पडद्यांच्या मधे दिला तर तळ आत दबतो. काही कॅटामरानना कील नसतेच, वर ओढून घ्यायची पाती असतात. अशा बोटीचा तळ लांब, रबर लावलेल्या बैठकीवर ठेवावा लागतो. दोन हलांच्या मधे शिरून पुलाखालून उचलणाऱ्या हायड्रॉलिक ट्रॉल्याही असतात, पण पुलाखाली टेका चालेल की नाही हे फक्त बोट बांधणाऱ्याचं ड्रॉइंग सांगू शकतं. ड्रॉइंग मिळेपर्यंत काम हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

एकसंध क्रेडल

सात मीटर रुंदीचा सांगाडा शेडमध्ये वेल्ड करून झाला, रंगही झाला, आणि मग कुणाला तरी रस्ता आठवतो. नियमाने गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या आत हवी, आणि चोर्ल्याची किंवा अनमोडची वळणं कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. दोन बाजूंच्या फ्रेम वेगळ्या आणि मधले आडवे बीम वेगळे करा, फ्लँज लावून बोल्टने जोडा. पाठवण्याआधी सगळा सांगाडा शेडमध्ये एकदा जोडून दोन्ही कर्ण मोजा आणि प्रत्येक जोडावर खूण मारा. यार्डात पोचल्यावर भोकं जुळेनात म्हणून गॅसने वाढवली की तो क्रेडल चौरस राहिला नाही, असं समजा.

उसाच्या ट्रॉलीची सवय

आपल्या भागातल्या कारागिरांचा हात उसाच्या ट्रॉलीवर बसलेला आहे. तो हात इथे दोन ठिकाणी नडतो. एक, चाकांना बॉल बेअरिंग. खाऱ्या पाण्यात ती फार दिवस टिकत नाहीत. गनमेटल किंवा नायलॉनचा बुश आणि भरपूर ग्रीस हेच बरं. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. दोन्ही टोकं बंद केलेला 200 बाय 200 चा, 6 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरमागे सुमारे 36 किलोचा असतो, आणि तो बाजूला सारतो ते समुद्राचं पाणी 41 किलो. म्हणजे तो लोखंडी पाइप तरंगतो! बोट चढवायची वेळ येते आणि क्रेडल रुळावरून उचलला जाऊन आडवा होतो. पाइपला पाणी आत-बाहेर करणारी भोकं ठेवा, नाहीतर सरळ आय-बीम वापरा. लाकडी ठोकळेही बोल्टने बांधा, तेही तरंगतात. क्रेडल पाण्याखाली दिसत नाही, म्हणून चारही कोपऱ्यांना पाण्याच्या वर येणारे उभे खांब हवेत.

क्रेनचे तिरके पट्टे

क्रेनने उचलायचं ठरलं तर एका हुकात सगळे पट्टे अडकवण्याचा मोह होतो. हिशेब करून बघा. 10 टनांची बोट आहे आणि पट्टे आडव्या रेषेशी 45 अंशांत आहेत, तर दोन्ही बाजूंनी 5-5 टनांचा दाब हलांना आत ढकलतो. कोन 30 अंशांवर आला की तोच दाब 8.7 टन होतो. पट्टे सरळ उभे उतरतील असा बोटीइतका रुंद स्प्रेडर बीम लागतो. तो नसेल तर क्रेन परत पाठवा, भाडं गेलं तरी चालेल. पट्टा पंख्याच्या दांड्यावर किंवा रडरवर येत नाही ना, हे पाणबुड्याकडून पाहून घ्या.

उधाणाच्या शेवटच्या भरतीवर भरवसा

सगळ्यात मोठ्या भरतीला पाणी जास्त, म्हणून तोच दिवस धरला जातो. पण त्या भरतीला बोट अर्धवट अडकली, तर पुढची प्रत्येक भरती कमी होत जाते आणि पुढच्या उधाणापर्यंत साधारण पंधरवडा वाट बघावी लागते. उधाण चढत असताना, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी, आणि भरती पूर्ण होण्याआधी ओढायला घ्या. दिवस मेअखेरचा नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या सुमारास यार्डात जागा मिळणं कठीण. पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या आधी रिकाम्या करा. एका हलात 300 लिटर पाणी उरलं तर ती बाजू 300 किलोंनी जड.

ओढताना काहीतरी बिनसलंय हे कसं ओळखायचं

विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून क्रेडल ओढणाऱ्या यंत्राचा, ताण अचानक वाढला तर बहुतेक वेळा एक हल आधी टेकलेला असतो आणि दुसरा अजून तरंगत असतो. बाहेरून काही दिसत नाही. एका माणसाला केबिनमध्ये बसवा आणि आतलं दार उघड-बंद करायला सांगा. पाण्यात असताना सहज लागणारं दार घासायला लागलं, की पूल पिळतोय. विंच थांबवा, क्रेडल पुन्हा पाण्यात सोडा, उणी बाजू ठोकळ्याने भरा, मग ओढा. "थोडंसंच राहिलंय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वायर रोप बोटीला बांधायचा नाही, क्रेडलला बांधायचा, आणि तोही एका बाजूला नाही. दोन्ही फ्रेमना जोडलेल्या ब्रायडलच्या, म्हणजे दोन टोकांच्या दोराच्या, मध्यावर.

बोट वर आली म्हणजे काम संपलं असं कोकणपट्टीच्या पावसात नसतं. जांभ्याचा भराव कोरडा असताना दगडासारखा वाटतो, पण मुरलेल्या पाण्याने ठोकळे खचतात, आणि चारही सारखे खचत नाहीत. ठोकळ्यांखाली स्लीपर किंवा जाड प्लेट टाका. जून सुरू झाला की दर आठवड्याला पाचरी हलवून बघा. पाचर हाताने हलली तर त्या ठोकळ्यावर वजन उरलेलं नाही, ते शेजारच्या ठोकळ्यावर गेलंय. ती ठोकून घट्ट करा, पण हल वर उचलला जाईल इतकी नाही.