परमिट रूम: '75 मीटरच्या आत देऊळ' या शेऱ्यावर काय उपयोगी पडलं

मालवणजवळच्या जागेचा एफएल-3 (हॉटेलातल्या परमिट रूमचा मद्य परवाना) अर्ज 'देऊळ 75 मीटरच्या आत' या शेऱ्यानिशी परत आला. उपग्रह नकाशा जोडला, सरळ रेषेचा आराखडा दिला, दोन्ही वाया. दोन महिने नुसते हेलपाटे.

चूक मोजणीत होती. अंतर सरळ रेषेत नाही, चालण्याच्या वाटेनं धरतात. आधी हॉटेलच्या प्रवेशद्वाराचा मध्य खुणावला. तिथून माणसं नेहमी चालतात त्या सर्वांत जवळच्या वाटेनं टेप लावला. देवळाला चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) आहे, म्हणून शेवट त्याच्या जवळच्या फाटकाच्या मध्यावर. गडगा नसता तर देवळाच्या दारापर्यंत. भरले 88 मीटर. ही वाट वळणांसकट आराखड्यावर काढून फेरमोजणीचा अर्ज दिला, शेरा निघाला.

पाणंदीची आडवाट लोक वापरत असतील तर तीच मोजा. लपवली तर स्थळपाहणीत उघडी पडते.